योगासाठी लोड

"बैठकीसाठी का, ताई?"

"नाही, योगासाठी हवाय."

गादीवाल्या काकांनी पिंजण्याचं यंत्र बंद केलं. कापसाने भुवया पांढऱ्या झालेल्या. "योगा करताना टेकून बसायचं?"

"टेकून नाही. त्याच्यावर आडवं पडायचं."

"मग गादीच घ्या की!"

त्यांचं चूक नव्हतं. दुपारी तीनच्या उन्हात, रस्त्यावर कुत्रंदेखील सावली सोडत नसताना, मी झोपण्याचं सामान विकत घ्यायला बाहेर पडले होते. दोन फूट लांब, नऊ इंच व्यास, आत कापूसच, फोम नको, आणि गच्च भरलेला. मऊ लोड पाठीखाली पाच मिनिटांत बसतो, मग कंबर अधांतरी राहते आणि विश्रांती राहते बाजूला. काकांनी खोळीच्या तोंडात गुडघा रोवला आणि लाकडी दांड्याने कापूस असा ठासला, की लोड उभा केला तर उभाच राहिला. वर त्यांनी एक थाप मारली. "घ्या. नवरदेव बसवा नाहीतर योगा करा."

आमच्या क्लासला महिन्यातला एक आठवडा नुसतं पडून राहण्याचा असतो. हल्ली पत्रकांवर त्याला 'रिस्टोरेटिव्ह योगा' म्हणतात आणि फी जास्त घेतात. हे नाव आणि हा प्रकार अमेरिकेत रुजवण्यात ज्युडिथ लासाटर या बाईंचा वाटा मोठा. त्यांचं यावरचं पुस्तक १९९५ सालचं. पण त्या शिष्या आमच्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं अंगावरून गेलेला हा माणूस, त्यामुळे जे शरीर वाकत नाही त्याचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडलेला नव्हता. विटा, खुर्च्या, पट्टे, दोर, घोंगड्या, लोड. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. १९५२ साली, मुंबईत, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याशी त्यांची भेट ठरली. मेन्युहिन दमलेले, वेळ फक्त पाच मिनिटं. दुसरा कोणी असता तर त्या पाच मिनिटांत शीर्षासन करून दाखवलं असतं. अय्यंगारांनी पाहुण्याला शवासनात निजवलं, बोटांनी डोळे-कान हलकेच मिटवले, आणि पाहुणा तासभर गाढ झोपला. उठल्यावर मग वेळच वेळ होता.

आता पडून राहण्यात शिकण्यासारखं काय, हे विचारणाऱ्याने एकदा सुप्त बद्धकोनासन करून पाहावं. लोड पाठीच्या कण्याला समांतर, कमरेला टेकवून. तळवे एकमेकांना जुळवायचे, गुडघे बाहेर, पट्टा कमरेमागून पावलांपर्यंत, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि मांड्यांना काही धरून ठेवावं लागत नाही. डोक्याखाली घडी केलेली चादर. ही घडी म्हणजे माझं खास दुखणं आहे. चादरीची दुमडलेली गोल कड मानेकडे हवी, सुटे पदर डोक्याच्या दिशेने. पण शेजारची बाई हटकून उलटी ठेवते आणि मग ते पदर तिच्या मानेखाली सुरकुततात. तिचे डोळे मिटलेले असतात, ती शांत असते, आणि मी माझ्या लोडवरून तिच्या घडीकडे बघत असते.

"हनुवटी वर जाऊ देऊ नका," आमच्या बाई म्हणतात. "कपाळाची कातडी डोळ्यांकडे उतरू दे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं. कपाळाची कातडी काय शर्टाची बाही आहे? पण हनुवटी अर्धा इंच खाली घेतली की खरंच भुवयांच्या मधे काहीतरी सैल होतं. डोळ्यांवर क्रेप बँडेजचे दोन वेढे, अंगावर सोलापुरी, कारण हलणं थांबलं की अंग गार पडतं आणि कुडकुडणाऱ्याला कसली विश्रांती. मग दहा मिनिटं. बाई घड्याळ बघतात, आपण नाही.

याचं शास्त्र आहे. परानुकंपी चेतासंस्था हा शब्द शाळेत फळ्यावर वाचला होता. तिचं काम नाडी मंद करणं, पचन चालू ठेवणं, थोडक्यात घर सांभाळणं. विपरीत करणीत कमरेखाली लोड, पाय भिंतीला, म्हणजे पायांत साचलेलं रक्त परत फिरतं आणि मानेतल्या रोहिणीला, म्हणजे डोक्याकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला, दाब वाढल्याची वर्दी मिळून हृदय वेग कमी करतं. (काचबिंदूवाल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.) मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन करायला लावून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते, आणि बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला होता. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत तर हे एका ओळीतच आहे: 'शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्'.

भिंतीला पाय लावून पडलेली पहिली व्यक्ती मी पाहिली ती आमची आजी. मे महिन्यात, जेवणं उरकून भांडी पालथी पडली की ती मधल्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर नऊवारीचा काचा सैल करून पडायची आणि दोन्ही टाचा कालनिर्णयच्या खाली भिंतीला टेकवायची. तिथे तेलकट डाग पडला होता. दर दिवाळीला रंग दिला की चार महिन्यांत परत उगवायचा. आम्हा नातवंडांना तिच्या शेजारी ओळीने निजवलेलं असायचं, डोळे उघडले तर आईस्क्रीम रद्द. आजीला योगाचं सगळं आधीपासून ठाऊक होतं असलं काही मी म्हणणार नाही. तिचे पाय सुजायचे, एवढंच.

पुरुषांना मात्र वामकुक्षी होती. आजोबा आरामखुर्चीत नाही, तर व्यवस्थित पलंगावर, डाव्या कुशीवर, पानसुपारीनंतर; घरभर शू-शू. क्लासमध्ये शवासनातून उठताना उजव्या कुशीवर वळायला सांगतात, आणि मी अजून थबकते. आजोबांनी आयुष्यभर डावी कूस धरली, तब्येत ठणठणीत होती.

आईची आठवण वेगळी आहे. ती दुपारी फार तर दिवाणाच्या कडेला कलंडायची, पाय खाली सोडून, जणू बस येईपर्यंत. दाराची कडी वाजली की ताडकन उठायची, केसांवरून हात फिरवायची, आणि आलेल्या आत्याला दारातच सांगायची, "नाही हो वन्सं, झोपले नव्हते." कुणी विचारलेलं नसायचं. गालावर दिवाणाच्या चादरीची नक्षी उमटलेली असायची.

मला वाटतं, लोड, पट्टा, बँडेज ही सगळी परवानगीची कागदपत्रं आहेत. आसनाला संस्कृत नाव असलं की घरात सगळ्यांसमोर वीस मिनिटं आडवं पडता येतं आणि कोणी "बरं नाही का?" विचारत नाही. माझी सासूबाईसुद्धा फोनवर हळू आवाजात सांगते, "तिचं ते चाललंय."

नव्या लोडवर मी पहिल्यांदा आईलाच निजवलं. तिचे गुडघे दुखतात म्हणून मांड्यांखाली उशा दिल्या, चादरीची कड नीट बघितली, डोळ्यांवर तिचाच सुती रुमाल ठेवला. दोन मिनिटं गेली नसतील.

"डाळ भिजत घातलीयेस का?"

"आई, बोलायचं नाही."

"मी कुठे बोलतेय. विचारतेय."

मग जरा वेळ गप्प. श्वास बरा चालला होता, हातांची बोटं मात्र पदराच्या काठाशी चाळा करत होती. मी सहज विचारलं, तू कधी अशी दिवसाढवळ्या, कोणी न उठवता झोपली होतीस का गं?

"झोपले होते की. तुझ्या वेळी. सव्वा महिना," ती म्हणाली. "धुरी, शेक, आणि झोप. नंतर मग तुझे बाबा म्हणाले, आता उठायला हरकत नाही."