डिस्ने वर्ल्डचा जेवणाचा प्लॅन: एका खोलीत घेतला, दुसरीत नाही

जेवणाचे पैसे आधीच भरून टाकायचे की जसं खाऊ तसं द्यायचे, यावर आमच्या घरी तीन आठवडे खल चालला होता. नोव्हेंबर 2024 च्या सुरुवातीला आम्ही सहाजण फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच रात्री राहून आलो. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, दहावं पूर्ण व्हायला एक महिना बाकी असलेला मुलगा आणि माझे सासू-सासरे, ज्यांना मी आई-बाबाच म्हणते. आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत आणि दोघांचंही जेवण बेताचं. मुलांना मिकी आणि राजकन्यांबरोबर बसून जेवायचं होतं. एकाच कुटुंबातल्या या दोन तऱ्हा, म्हणून निर्णय अवघड होता. शेवटी आमच्या खोलीसाठी प्लॅन घेतला, त्यांच्या खोलीसाठी घेतला नाही. पुन्हा गेलो तरी असंच करू.

आधी प्लॅन म्हणजे काय ते सांगते. तो डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना, पॅकेजबरोबर मिळतो. कोविडमुळे 2020 मध्ये बंद झाला होता, 9 जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झाला. प्रकार दोन. क्विक सर्व्हिसमध्ये माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्या, मोठ्या प्लॅनमध्ये काउंटरवरचं एक जेवण, टेबलावर बसून एक जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत एक मग मिळतो, तो हॉटेलात हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. पार्कमध्ये तो भरून मिळत नाही, त्यामुळे सकाळी बॅगेत टाकून नेऊ नका. 2024 चे दर असे होते: मोठा प्लॅन प्रौढांना रात्रीमागे 94.28 डॉलर, 3 ते 9 वयाच्या मुलांना 29.69. क्विक सर्व्हिस प्रौढांना 57.01, मुलांना 23.83. कर यात धरलेला असतो, टिप नाही. दर बदलतात आणि मधूनमधून मुलांचा प्लॅन मोफत देण्याच्या सवलतीही निघतात. म्हणून माझे आकडे फक्त अंदाजासाठी घ्या आणि तुमच्या तारखांचे दर पाहूनच हिशेब करा.

या दरांत मुलांच्या आणि मोठ्यांच्या रकमेत केवढी तफावत आहे पाहा. बहुतेकांचा निर्णय इथेच व्हायला हवा असं मला वाटतं. नऊ वर्षांचं मूल पात्रांच्या बुफेला, म्हणजे मिकीसारखी डिस्नेची पात्रं टेबलापाशी येतात तिथे, बसलं तर त्या एका जेवणाचीच रोख किंमत त्याच्या दिवसाच्या 29.69 डॉलरपेक्षा जास्त व्हायची. काउंटरवरचं जेवण आणि स्नॅक वर. प्रौढाला मात्र 94 डॉलर वसूल करायला रोज महागडं, भरपूर खावं लागायचं. डिस्नेच्या हिशेबात दहा वर्षं पूर्ण झाली की मूल प्रौढ. आम्ही महिनाभर उशिरा गेलो असतो तर मुलाचेच पाच रात्रींचे 322.95 डॉलर जास्त भरावे लागले असते. मूल दहाच्या उंबरठ्यावर असेल तर सहलीची तारीख वाढदिवसाच्या अलीकडे घेता येते का ते जरूर बघा. तीन वर्षांखालच्या बाळांना प्लॅनची गरजच नाही, ती मोठ्यांच्या ताटातलं खाऊ शकतात.

आता दोन खोल्यांचं. एका खोलीच्या बुकिंगमधल्या, तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो, नाहीतर कुणालाच नाही. मुलांना घेतला आणि आईवडिलांनी नाही, असं चालत नाही. पण दुसरी खोली वेगळी. नवऱ्याचं सुरुवातीला म्हणणं होतं की सगळे एकत्र आहोत तर सगळ्यांचा एकच प्लॅन असू दे, आई-बाबांना परकं वाटायला नको. त्यामागची माया मला कळत होती. पण सहाजणांच्या मोठ्या प्लॅनचे 2182.50 डॉलर झाले असते. आमच्या चौघांचे झाले 1239.70. आई-बाबांनी रोज रोखीने खाल्लं आणि पाच रात्रींत दोघांचे मिळून चारशे डॉलरही लागले नाहीत. अगदी क्विक सर्व्हिसचा प्लॅन घेतला असता तरी दोघांचे 570.10 गेले असते.

आणि परकं वाटण्याचं म्हणाल तर डिस्ने वर्ल्डच्या एप्कॉट पार्कमधली दुपार सांगते. तिथे 'द लँड' नावाच्या इमारतीत वरच्या बाजूला गार्डन ग्रिल हे हळूहळू फिरणारं रेस्टॉरंट आहे, तिथे मिकी, प्लूटो, चिप आणि डेल टेबलापाशी येतात. खाली सनशाइन सीझन्स हे काउंटर. आम्ही चौघं वर गेलो, आई-बाबांनी खाली एक थाळी वाटून घेतली आणि मग त्याच इमारतीतली बोटीची फेरी केली. ती बोट खऱ्या काचघरांतून जाते, तिथे मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या दिसतात. बाबांना शेतीचं वेड. आम्ही वरून उतरलो तेव्हा ते दुसऱ्यांदा रांगेत उभे होते. वर माणशी ठरावीक दर असतो, दोन घास खा नाहीतर दहा. तिथे त्यांना बसवून त्यांच्या पोटावर आणि वेळेवर आम्ही जबरदस्तीच केली असती.

शाकाहारी लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्लॅनमध्ये मुख्य पदार्थ कोणताही घ्या, क्रेडिट (प्लॅनमध्ये मिळणारं जेवणाचं किंवा स्नॅकचं जणू कूपनच) तेवढंच जातं. स्टेक घेणारा आणि भाजीचा पदार्थ घेणारा सारखेच पैसे भरून बसलेले असतात. शिवाय 21 वर्षांवरच्यांना जेवणाबरोबर मद्याचा पेला घेता येतो. आम्ही दोघंही पीत नाही. आम्ही त्याऐवजी जिथे चाललं तिथे मिल्कशेक किंवा खास सरबत घ्यायचो, साधं पाणी कधीच नाही. पाणी तर काउंटरवर मागितलं की बर्फ घालून फुकट मिळतं. जेवणात सोडा न घेणारे, कमी खाणारे आणि भाजीवर समाधानी असणारे प्रौढ या प्लॅनमध्ये तोट्यातच जातात, मी कितीही वेळा बेरीज मांडली तरी हेच आलं.

ॲनिमल किंग्डम पार्कच्या दिवशी हे सगळं एका टेबलावर दिसलं. संध्याकाळी आम्ही पार्कमधून बसने ॲनिमल किंग्डम लॉज या हॉटेलच्या किडानी व्हिलेजला, तिथल्या सना रेस्टॉरंटला गेलो. आमचं हॉटेल पॉप सेंच्युरी. एका हॉटेलातून दुसऱ्याला थेट बस नसते, म्हणून सनाचं आरक्षण त्याच पार्कच्या दिवशी ठेवा. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात, उजेड असेपर्यंत पोहोचा. तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे: भारतीय धाटणीचे नान आणि सोबत नऊ चटण्या-लोणची. पण ती मोडते सुरुवातीच्या पदार्थांत आणि आमच्या प्लॅनमध्ये मुख्य पदार्थ, गोड आणि पेय एवढंच येतं. आई-बाबांनी दोघांत मिळून तीच मागवली, पोटभर जेवले आणि त्या संध्याकाळचं सगळ्यांत कमी बिल त्यांचं होतं. आम्हालाही नान हवेच होते, ते वेगळे पैसे देऊन घेतले. सहाजण एका टेबलावर बसलो की 18 टक्के टिप बिलात आपोआप लागते, हेही इथेच आलं. प्लॅनवरच्या जेवणाची टिपसुद्धा पदार्थांच्या मूळ किमतीवर द्यायची असते आणि ती रोख किंवा कार्डाने. चौघांच्या एका बुफेमागे साधारण 40 डॉलर धरा. 'सगळं भरून झालंय' असं समजून जाणाऱ्यांचं बजेट इथेच कोलमडतं.

आता सिंड्रेलाज रॉयल टेबल. मॅजिक किंग्डम पार्कच्या किल्ल्यातलं जेवण, माणशी दोन टेबल क्रेडिट. प्लॅनवर इथे जाणं पैशांच्या हिशेबाने वाईटच. तेवढ्याच क्रेडिटमध्ये पात्रांचे दोन बुफे होतात. तरी गेलो, कारण मुलीने वर्षभर तेवढं एकच मागितलं होतं. सिंड्रेला तिच्याशी बोलायला वाकली तेव्हा माझी लेक, जी घरात एक मिनिट गप्प बसत नाही, एक शब्द बोलली नाही. नुसती हात धरून उभी राहिली. त्या दोन क्रेडिटची मला अजिबात खंत नाही. पण ज्यांच्या मुलांना राजकन्यांचं वेड नाही त्यांनी केवळ नाव मोठं म्हणून जाऊ नये.

अशा जागांची आरक्षणं 60 दिवस आधी उघडतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्या दिवशी आपल्या मुक्कामातली, दहा दिवसांपर्यंतची सगळी एकदम करता येतात. प्लॅन घेणार असाल तर हा दिवस चुकवू नका. टेबल क्रेडिट भरून ठेवलीत आणि हव्या त्या जागी टेबलच नाही, तर जो काही पर्याय उरेल तिथे ती खर्च करावी लागतील. आम्ही किल्ला मुक्कामाच्या शेवटाकडे ठेवला, कारण पहिल्या दिवसांत मागणी जास्त आणि जागा कमी दिसत होत्या.

आमची एक चूक झाली, ती टाळा. क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटमधला विनी द पूचा बुफे आम्ही सकाळी साडेदहाला ठेवला. मुलं इतकी जेवली की दुपारी भूकच नाही. संध्याकाळी आइसक्रीम, रात्री जेमतेम चार घास. असे दोन दिवस गेले आणि पाचव्या रात्री आमच्याकडे वीसपैकी नऊ काउंटरची आणि अकरा स्नॅकची क्रेडिट शिल्लक. मग 'संपवायला हवीत' म्हणून खाणं सुरू झालं. मुलाने भूक नसताना बर्गर मागवला, अर्धा टाकला. मला ते फार लागलं. पैसे आधी भरले की भूक बाजूला राहते आणि माणूस क्रेडिट मोजत जेवायला लागतो. उशिराचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्रच धरा, त्या दिवसाचं काउंटरचं क्रेडिट रात्रीसाठी ठेवा आणि किती उरलीत ते डिस्नेच्या ॲपमध्ये रोज झोपताना पाहा.

स्नॅकची क्रेडिट मात्र आनंदाने गेली. अलोहा आयल स्टॉलवरचं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊ आइसक्रीम, दुपारच्या उन्हात दोनदा घेतलं. एप्कॉटमध्ये खाद्यमहोत्सव चालू होता, तिथल्या छोट्या पदार्थांवर ती वापरली. स्नॅक क्रेडिट पाण्याच्या बाटलीवर वाया घालवू नका. घरून आणलेला कोरडा खाऊ पार्कमध्ये नेता येतो, फक्त काचेची भांडी नकोत आणि गरम करावं लागेल असं काही नको. आई-बाबांचा चार वाजताचा खाऊ रोज आमच्या बॅगेतच असायचा.

घरी येऊन वही उघडली. मुलांच्या नावावर दोघांचे मिळून साधारण दीडशे डॉलर वाचले होते, आम्हा दोघांच्या नावावर सत्तर-ऐंशी जास्त गेले होते. किल्ला आणि बुफे तसेही करायचेच होते म्हणून हा फायदा. पात्रांची जेवणं वगळून नुसतं काउंटरवर खाणार असाल आणि सोबत लहान मुलं नसतील, तर प्लॅन घेऊ नका.

क्रेडिट निघण्याच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतात. आम्ही सकाळी हॉटेलच्या काउंटरवर उरलेल्या स्नॅकची बंद पाकिटं घेतली, म्हणजे विमानात मुलांना विकतचं काही घ्यावं लागलं नाही. शेवटची दोन क्रेडिट मुलांनी आजी-आजोबांना दिली. दोघांनी मिकीच्या कानांचं आइसक्रीम निवडलं आणि एअरपोर्टची बस येईपर्यंत बाकावर बसून सावकाश खाल्लं.