तुम्ही विचारलंत म्हणून: तुकडे किती होतात?

"केंद्रकं फोडता ना? मग एकाचे तुकडे किती होतात, एवढा आकडा सांगा की." हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

केंद्रक, म्हणजे अणूचा गाभा, काचेसारखं फुटत नाही. बॉम्बशीही त्याचा संबंध नाही. जवळपास प्रकाशाच्या वेगाने दोन केंद्रकं आदळतात तेव्हा जेवढा भाग समोरासमोर येतो तेवढाच भरडला जातो. बाजूने निसटलेला भाग, आमच्या भाषेत 'प्रेक्षक', जवळपास त्याच वेगाने पुढे जातो; पण तापलेला. ताप थोडा असेल तर एखाददुसरा न्यूट्रॉन सुटतो. वाढला की मध्यम आकाराचे तुकडे पडतात. आणखी वाढला की तेही टिकत नाहीत, उरतो हायड्रोजन-हेलियमचा भुगा. जर्मनीत डार्मश्टाटला सोन्याच्या केंद्रकांवर झालेल्या प्रयोगांत मध्यम तुकड्यांचा हा चढउतार स्वच्छ दिसला. तेव्हा धडक कसली, ते आधी सांगा.

हे झालं ठेवणीतलं उत्तर. आकडा सांगताना मी अडखळते त्याचं कारण वेगळंच आहे.

सिलिकॉनच्या केंद्रकांच्या झोतात (बीममध्ये) ठेवलेल्या इमल्शनच्या प्लेट्स, म्हणजे कणांच्या वाटा रेघांसारख्या उमटवणाऱ्या फोटोच्या काचा, मी सूक्ष्मदर्शकाखाली स्कॅन करत असे. तुकड्याचा प्रभार, म्हणजे त्यातले प्रोटॉन, जितका जास्त, तितकी रेघ जाड. तीही प्रभाराच्या वर्गाच्या पटीत. हेलियमचा प्रभार 2, म्हणून 4; लिथियमचा 3, म्हणून 9. एका घटनेत एक रेघ लिथियमची वाटली, तशी नोंद केली. सिलिकॉनचा प्रभार 14, तुकड्यांच्या प्रभारांची माझी बेरीज 13. एखादा प्रोटॉन नजरेतून सुटला असेल म्हणून पुढे गेले. अशा बऱ्याच घटना साठल्या. मार्गदर्शकांनी विचारलंही, "प्रोटॉन दरवेळी एकच कसा गं सुटतो?" मी चिडले. डोळे माझे फुटत होते, त्यांचे नव्हे!

मग एका रात्री त्यातली एक रेघ सहज पुढे सरकवत नेली. काही मिलिमीटरवर ती दुभंगली. दोन बारीक रेघा, जेमतेम वेगळ्या. दोन हेलियम. 4 आणि 4 मिळून 8, आणि मी ते 9 समजत होते. प्रभार 3 नव्हे, 2 आणि 2 मिळून 4; हरवलेला एक तो हाच. शिरोबिंदूजवळ, म्हणजे धडकेच्या जागेपाशीच, मोजायची घाई केली होती. सगळ्या नोंदी पुन्हा तपासण्यात महिने गेले.

आळशीपणा होता का? रेघा तिथे खरोखरच एकात एक होत्या, हे मी आजही म्हणेन. पण बेरीज जुळत नव्हती, आणि ते मला दिसत होतं.

आणि आता तुमचा आकडा. त्या दोन हेलियमआधी तिथे बहुधा बेरिलियम-8 होतं, म्हणजे आपोआप दोन हेलियममध्ये फुटणारं केंद्रक. ते धडकेच्या वेळाच्या लाखो पट जगतं. प्लेटवर मात्र एक मायक्रॉनही पुरतं जात नाही. मग तुकडा एक की दोन? तेव्हाची मी म्हणायची, दिसतील तेवढे. आता वाटतं, धडक संपली तेव्हा एकच होता. लगेच वाटतं, ते पाहिलंय कुणी?

प्रबंधात मी दोन हेलियम लिहिले. तळटीप द्यावी का यावरून आमचं वाजलं आणि ती द्यायची राहून गेली. आज दिली असती का? बहुधा हो. पण तीत काय लिहिलं असतं, विचारू नका.