पाणी कुठपर्यंत आलंय?

गंगेला पूर आला की आमच्या पंचवटीत कोणी क्यूसेक विचारत नाही. (नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. संध्याकाळी फिरायला जायचं तेही "गंगेवर".) गंगापूर धरणातून पाणी सोडलं की प्रश्न एकच असतो, "मारुतीला कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळ पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. पायाला लागलं, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी टेकलं, तर तो महापूर.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये असाच मोठा पूर आला होता. मी बारावीत होते, माझी धाकटी बहीण बारकी दहावीत. नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागून आम्ही दोघी पूर बघायला गेलो आणि होळकर पुलाच्या अलीकडे गर्दीत उभ्या राहिलो. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात गरगरत जाणारे भाजीवाल्यांचे क्रेट, आणि सगळ्यावर तो आवाज. बारकीनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. घरी येऊन चप्पल काढेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

त्या पाण्यानंच मला इथवर आणलं असं मी मानते. सिव्हिल करून दोन वर्षं नोकरी केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात जलविज्ञानाच्या मास्टर्ससाठी जर्मनीत, ड्रेस्डेनला आले. हेही नदीकाठचं गाव. २००२ च्या ऑगस्टमध्ये इथे एल्बे नदी ९.४० मीटरपर्यंत चढली होती. आमच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी नदीकाठी नेऊन पाण्याची पातळी मोजण्याची खूण दाखवली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मारुतीच उभा राहिला.

बारकी माझ्यानंतर चार महिन्यांनी निघाली, तीही पार उलट्या दिशेला. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चजवळच्या लिंकन विद्यापीठात ती द्राक्षशेतीचं शिक्षण घेते. नानांची दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. लहानपणापासून नानांच्या मागे मागे बागेत हिंडायची ती हीच. मी घरात पुस्तक घेऊन बसायचे आणि ती संध्याकाळी हाताला औषधाचा वास घेऊन यायची.

आता घड्याळाचं सांगते, कारण बाहेर शिकायला गेलेल्या बहिणींचं निम्मं नातं घड्याळावर चालतं. नोव्हेंबर ते मार्च आम्हा दोघींत बरोबर बारा तासांचं अंतर असतं. माझ्याकडे सकाळचे सात, तिच्याकडे संध्याकाळचे सात. काटे दोघींच्या घड्याळात एकाच जागी, फक्त एकीच्या खिडकीत उजाडतंय आणि दुसरीच्या मावळतंय. नाशिकला तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे आईचा कुकर लागलेला असतो. जर्मनीत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे जातं तेव्हा तिकडे ते मागे येतं, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर हे अंतर दहा तासांवर येतं. दोन्हीकडचे बदल एकाच दिवशी होत नाहीत, म्हणून मध्येच अकरा तासांचेही काही आठवडे असतात. पहिल्या वर्षी त्या आठवड्यांत आम्ही सारख्या चुकायचो. मी फोन लावायचे तेव्हा ती लेक्चरला, ती लावायची तेव्हा मी झोपेत.

द्राक्षांचंही तसंच. नाशिकची बाग जानेवारी ते मार्चमध्ये उतरते, बारकीकडे तोडणी मार्च-एप्रिलमध्ये, आणि ड्रेस्डेनच्या शेजारी राडेबॉइलच्या उतारांवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ती मला तिथल्या वेलींचे फोटो काढायला पाठवते. "ताई, पानाची मागची बाजू घे. अजून जवळून." मग तेच फोटो ती नानांना दाखवते. थंडीत मणी तडकू नयेत म्हणून नाना पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि ड्रिपनं पाणी सोडतात. तिकडे वसंतात दव गोठायची भीती असते, तेव्हा उंच खांबांवरचे मोठे पंखे फिरवून वरची उबदार हवा खाली ओढतात, वेळ पडली तर हेलिकॉप्टरही उडवतात. हे ऐकून नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनाही रात्री झोप नसते तर."

सुरुवातीला आम्ही रविवारचा व्हिडिओ कॉल ठरवला होता. नाशिकहून आई, नाना, आजी, इकडून मी, तिकडून बारकी. जेवलीस का, थंडी आहे का, अभ्यास कसा चाललाय. बरी आहेस ना? बरी आहे. तूही बरी? मीही बरी. फोन ठेवला की मला आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं, आणि त्याचं कारण कळायचं नाही.

ते कळलं २०२४ च्या फेब्रुवारीत. माझ्या परीक्षा चालू होत्या, बारकीला जाऊन तीनच आठवडे झाले होते. कॉलवर आजी दिसत नव्हती. मी विचारलं तर आई म्हणाली, "झोपलीय गं, आजकाल दुपारची झोपते." पुढच्या वेळी पुन्हा झोपलेली. मी सोडून दिलं. मग एका सकाळी बारकीशी बोलताना सहज निघालं.

"आजी सिन्नरहून कधी येणारे?" ती म्हणाली.

"सिन्नरला कशाला जाईल ती?"

"आत्याकडे. आईच म्हणाली."

आम्ही दोघी एकदम गप्प झालो. मला आठवलं की आईच्या मागे रोज वाजणारी आजीच्या पूजेची घंटी मी कितीतरी दिवस ऐकली नव्हती. बारकीला आठवलं की आजीची काठी दाराच्या कोपऱ्यात तशीच टेकवलेली दिसत होती, आणि काठीशिवाय आजी गावाला जात नाही. मी सरळ नानांना फोन लावला. आजी न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि या सगळ्याला नऊ दिवस उलटून गेले होते.

"तुझी परीक्षा होती," नाना म्हणाले. "आणि बारकी नुकतीच तिकडे गेलीय. तुम्ही तिथून काय करणार होतात? उगाच जिवाला घोर."

मी खूप चिडले. नऊ दिवस मी इथे हसत-खेळत जेवत होते, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले होते, आणि आजी तिकडे कण्हत होती. काही करता आलं नसतं हे खरं. पण काळजी करायचा हक्क तरी माझा होता. दूर गेलेल्या माणसाला घरातून हळूहळू पाहुण्यासारखं वागवलं जातं, समोर सगळं नीटनेटकं मांडून ठेवलेलं. आई-नानांनी हे मायेपोटी केलं यात मला तेव्हाही शंका नव्हती. ज्यांची मुलं बाहेर आहेत असे आईवडील हे वाचत असतील, तर त्यांना हात जोडून सांगते, असं करू नका. कधी ना कधी आम्हाला कळतंच, आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक "सगळं ठीक आहे"वर आमचा विश्वास बसत नाही.

त्या दिवशी राग ओसरल्यावर बारकी हळूच म्हणाली, "ताई, मी पण खोटं बोलते. मी गेल्या आठवड्यात दोन दिवस नुसत्या ब्रेडवर होते. खोलीबाहेर जावंसंच वाटत नव्हतं. तुला बरी आहे म्हणून सांगितलं."

मग मीही माझं सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

आणि तिथेच आमचा नियम ठरला. "बरी आहे" हा शब्द बंद. रोज एकीनं एकदा विचारायचं, पाणी कुठपर्यंत? उत्तर एका शब्दाचं. पाय म्हणजे दिवस चांगला. गुडघे म्हणजे चालणं जड जातंय, पण चालतेय. कमर म्हटलं की दुसरीनं तिच्या घड्याळात कितीही वाजले असोत, फोन लावायचा. गळा म्हटलं तर घरी सांगायचं. घंटा हा शब्द अजून कोणी वापरलेला नाही.

शब्द बारकीनं सुचवले. एक शब्द लिहायला धीर कमी लागतो. पूर्ण वाक्य लिहायला गेलं की आपण त्याला सावरून घेतो, शेवटी हसरा चेहरा जोडतो. "कमर" एवढं लिहिलं की ते तसंच राहतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहाटे तीन चाळीसला माझा फोन वाजला. बारकीच्या मेसेजसाठी मी वेगळी रिंगटोन ठेवलीय. कमर. तिच्याकडे दुपारचे पावणेतीन होत आले होते. फोन लावला तर नुसता वारा. कँटरबरीच्या त्या भागात वायव्येकडून गरम, कोरडा वारा सुटतो आणि दिवसभर थांबत नाही. ती प्रयोगाच्या वेलींमध्ये जमिनीवर बसली होती. संशोधनाचा आराखडा परत आला होता, नव्यानं लिही म्हणून. चार दिवसांत कोणाशी मराठीत एक शब्द बोलली नव्हती. सांगता सांगता तिचा आवाज फुटला आणि मग कितीतरी वेळ ती नुसती रडत होती.

मी काही समजावलं नाही. मोठी बहीण म्हणून तोंडावर आलं होतं, की अगं होईल, सगळ्यांचं परत येतं. ते गिळलं. उठून चहा टाकला. आलं किसताना तिला आवाज ऐकू गेला असणार, कारण ती मध्येच म्हणाली, "आलं जास्त घाल." दोन तास फोन चालू होता, त्यात बोलणं वीसेक मिनिटांचं असेल. बाकी वेळ ती वेलींना सुतळी बांधत होती आणि मी खिडकीतून उजाडायची वाट बघत होते. शेवटी तिनं विचारलं, "ताई, झोपलीस का?" मी म्हटलं नाही. "झोप मग. गुडघ्यापर्यंत उतरलं."

माझी पाळी नोव्हेंबरात आली. इथे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, आणि दिवसभरसुद्धा आभाळ राखाडीच असतं. मी रोज "गुडघे" लिहीत होते. कमर लिहून तिला उठवायचं कशाला, असंही मनात असायचं, म्हणजे मीही नानांसारखीच वागत होते. अकराव्या दिवशी तिनं स्वतःहून फोन केला. म्हणाली, "दहा दिवस पाणी गुडघ्यावरून उतरत नसेल तर तो पूरच असतो ताई. तू पाण्याचं शिकतेस ना?" मी फोनवर असतानाच तिनं माझ्याकडून विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्राची वेळ घेववली. तिथे जायला मला तोवर लाज वाटत होती. जाऊन आले, अजूनही जाते. इथे शिकणाऱ्या कोणा मराठी मुलीला गरज वाटत असेल तर तिनं बिनधास्त जावं.

त्याच्या दोन महिने आधीची एक गोष्ट. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा एक भाग एल्बेत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच त्यावरून गेली होती. सुदैवानं कोणालाही इजा झाली नाही. मी रोज त्याच पुलावरून जायचे. आधी वाटलं, घरी सांगायलाच नको. मग आजीची काठी आठवली. नाशिकमध्ये कोणी टीव्ही लावायच्या आत मी आईला फोन केला. पूल पडला, मी घरात झोपले होते, आता दुसऱ्या पुलावरून जाईन. आई घाबरली. पण त्या दिवशी ती मलाही काहीतरी सांगून गेली. आजीच्या ऑपरेशनचे पैसे अजून फिटायचे होते.

तिथून पुढे मारुती घरच्या ग्रुपवर आला. आजीला तो लगेच कळला, तिचा जन्मच पंचवटीतला. वॉकर धरून दारापर्यंत गेली की ती आईकडून लिहून घेते: "पाय." पाऊस पडून सांधे धरले की "गुडघे". आई कधी लिहिते, कधी विसरते. नाना मात्र वर्षभर रोज एकच शब्द लिहीत आले. पाय.

या ऑक्टोबरमध्ये पाऊस लांबला. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन नवी फूट निघाली होती आणि वरून रोज पाणी. अशा वेळी डावणी हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात म्हणजे धरण्याआधीच नाहीसे होतात, फवारणीला ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. बारकी रोज हवामान बघून मला सांगत होती. नाना रोज "पाय" लिहीत होते.

परवा संध्याकाळी साडेपाचला मी लायब्ररीत होते. नाशिकला रात्रीचे नऊ. ग्रुपवर नानांचा मेसेज आला.

"कमर."

मी जिन्यात पळत गेले आणि फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लागला तेव्हा पलीकडून आधी बारकीचाच आवाज आला. तिच्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते आणि ती माझ्याआधी पोचली होती. नानांनी दोघींना एकाच कॉलवर घेतलं, खोकले, आणि म्हणाले, "वरच्या एकरातला माल गेला गं. सांगायचं नव्हतं." मग थोडं थांबून त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं, कोणत्या ओळीपासून घड जिरायला लागले इथपासून.

आम्ही दोघी ऐकत होतो.