माज उतरला, चिखल अजून नाही

आज सकाळी काटोलकडच्या एका पांदण रस्त्यावर गाडी घातली. फोर बाय फोर आहे, चारही चाकांना इंजिनचा जोर, कशाला भ्यायचं, हा माज. तो ५० पावलांत उतरला. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत अशी गच्च भरते की टायर गुळगुळीतच होऊन जातो. चारही चाकं फिरतायत आणि गाडी आडवी सरकतेय! मी रेस देत गेलो, ती खाली बसत गेली. मागून मित्र ओरडला, "अबे, पाय काढ ना बे!"

मग पकड वाढावी म्हणून टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली, लो रेंज (वेग कमी, जोर जास्त), दुसरा गिअर, स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे. निघाली एकदाची.

पुढे नाला, शेवाळलेले बेसाल्टचे धोंडे. इथे पहिला गिअर, क्लचला पायच लावायचा नाही. एक चाक हवेत गेलं तेव्हा पोटात गोळा आला, खरं सांगतो. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेले काका शांतपणे म्हणाले, "ट्रॅक्टर आणू का भाऊ?"

परतताना कळलं, हवेचा पंप घरीच राहिला. पंक्चरवाल्यापर्यंत २० च्या स्पीडनं आलो. आता अंगणात बायको पाइप घेऊन उभी आहे. गाडी धुवायला नाही, मला.