गाडीचे दात बघणारी माणसं: इंडियानापोलिसच्या स्टॉक ड्रॅग रेसची दोन दिवसांची फेरी

अण्णांना अमेरिकेत येऊन पाच आठवडे झाले होते आणि मॉल बघून ते पुरते विटले होते. गणपती आणि लेबर डे यंदा एकाच आठवड्यात आले. दीड दिवसाचा गणपती घरातल्या बादलीत विसर्जन केला आणि रात्री मी म्हणालो, "अण्णा, उद्या शर्यतीला येता का? गाड्यांच्या."

"बैलगाड्यांच्या?"

"नाही हो, मोटारींच्या."

ते आले, पण उपकार केल्यासारखे.

आम्ही राहतो कोलंबसला, म्हणजे इंडियानातल्या. इंजिनांच्या नोकरीपायी पुण्याहून इथं आलेली मराठी घरं बरीच आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी अजून तासा-सव्वातासावरचं लुकास ऑइल इंडियानापोलिस रेसवे पार्क पाहिलेलं नाही. म्हणून हे लिहितोय. आय-६५ ने उत्तरेला, मग ४६५ च्या रिंगरोडवरून पश्चिमेला वळसा आणि आय-७४ ने ब्राउन्सबर्गकडे. शिकागोकरांना तीन तास. इंडी-५०० वालं मैदान ते हे नव्हे, नकाशात नाव नीट वाचून घ्या. आमच्या ऑफिसातला एकजण तिकडं जाऊन परत फिरला होता.

इथं लेबर डेच्या आठवड्यात एनएचआरएची, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची, यू. एस. नॅशनल्स होते. ही ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची झुंज. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ही संस्था काढली. पहिली नॅशनल्स १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला झाली आणि १९६१ पासून ती इथं आहे. जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या चषकाचं नावही 'वॉली'च. बहुतेक लोक शनिवार-रविवारी नायट्रोवाल्या, म्हणजे नायट्रोमिथेन इंधनावर पळणाऱ्या, राक्षसी गाड्या बघायला येतात. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं, कानात बोटं घालून बसलो आणि परत आलो. खरी गंमत आधीच्या दिवसांत असते, कामाच्या वारी, अर्ध्या रिकाम्या स्टँडसमोर. तेव्हा स्टॉक, म्हणजे जवळपास कारखान्यातून निघाल्या तशा गाड्या, आणि जरा जास्त बदल चालणारा सुपर स्टॉक, यांच्या वर्गवार लढती चालतात. तुम्हाला एकच दिवस रजा मिळणार असेल तर ती रविवारला जोडू नका. वेळापत्रक दरवर्षी सरकतं, तेवढं आधी बघून घ्या.

तिकीट घेतलं की पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात तिथं, फिरायची मोकळीक असते, वेगळा पास लागत नाही. आम्ही आधी स्टँडकडे गेलोच नाही. तंबूंच्या रांगा, जॅकवर चढवलेल्या गाड्या, बॉनेटखाली डोकं घातलेले साठी-सत्तरीचे लोक, शेजारी नातवंडं. साठच्या दशकातली एक लांबलचक स्टेशन वॅगन, आईबापांनी पोरं शाळेत सोडावीत तशी, आणि तिच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं वर्ग आणि आकडा लिहिलेला. शेजारच्या तंबूत शेवरलेची कोरी करकरीत कमॅरो.

"ही म्हातारी न् ही तरणी एकाच शर्यतीत?" अण्णांनी विचारलं. आता समजावणं आलं.

स्टॉकमध्ये गाडीचा वर्ग ठरतो तो एका भागाकारावर. कारखान्यानं नोंदवलेलं वजन भागिले हॉर्सपॉवर. समजा गाडी ३,४०० पौंडांची आणि तिच्या नावावर ४२५ हॉर्सपॉवर, तर उत्तर ८. प्रत्येक हॉर्सपॉवरला आठ पौंड ओझं. ओझं जितकं कमी तितका वर्ग वरचा. काचेवरच्या अक्षरांत 'एस' म्हणजे स्टॉक आणि त्याच्यामागे 'ए' असेल तर ऑटोमॅटिक गिअर. मेख अशी की भागाकारातली हॉर्सपॉवर कारखान्याची नसते, एनएचआरएनं मानलेली असते. वरच्याच गाडीला संस्थेनं ४५० ठरवली, तर उत्तर साडेसातच्या आसपास येतं आणि गाडी वरच्या, कडक वर्गात ढकलली जाते.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग ह्ये दात बघून गट पाडल्यागत झालं की."

मी दोन वर्षं जे इंग्रजीत वाचत होतो ते त्यांनी एका वाक्यात आटपलं. आमच्या माण-खटावकडं आदत, दुसा असे बैलांचे गट दातांवरून पडतात आणि मैदानात पहिलं भांडण बैलाच्या तोंडात बोट घालूनच सुरू होतं. कागदावर कोवळा आणि पळायला जून, असा बैल सगळ्यांनाच हवा असतो.

मोटारीतही अगदी तसंच. १९६८ मध्ये फोर्डनं ४२८ घनइंची इंजिनाची कोब्रा जेट मस्टँग काढली आणि कागदावर ३३५ हॉर्सपॉवर लिहिली. खरी ताकद त्याहून बरीच जास्त, हे रस्त्यावरच्या पोरालाही माहीत होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला, एनएचआरएच्या विंटरनॅशनल्स शर्यतीत अल जोनिएकनं तिच्यावर सुपर स्टॉक जिंकली. पुढच्या साली शेवरलेनं कोपो नावाच्या आतल्या मागणीपत्रकातून अॅल्युमिनियम इंजिनाच्या फक्त ६९ झेडएल-१ कमॅरो बनवल्या, त्याही कागदावर ४३० हॉर्सपॉवरच्या.

आणि जुन्या-नव्या गाडीवाल्यांमधला आताचा तंटा नेमका याच खेळाच्या नव्या आवृत्तीचा आहे. २००८ मध्ये फोर्डनं जुन्या कोब्रा जेटच्या चाळिशीनिमित्त नवी कोब्रा जेट काढली, फक्त ५०, रस्त्यावर चालवायची परवानगीच नसलेली, थेट ड्रॅगपट्टीसाठी. २००९ च्या विंटरनॅशनल्सला जॉन कॅल्व्हर्टनं तिच्यावर स्टॉक जिंकली. मग डॉजनं चॅलेंजर ड्रॅग पॅक आणली. २०१२ मध्ये शेवरलेनं कोपो कमॅरो परत आणली आणि जुन्या आकड्याची आठवण म्हणून मुद्दाम ६९ च बनवल्या. नंबरप्लेट नाही, चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा कारखान्यातूनच बसवलेला, काही इंजिनांवर जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर. त्याला 'स्टॉक' म्हणायचं का? चाळीस वर्षं शेवरलेच्या एकाच जुन्या शेव्हेलवर मेहनत घेतलेल्या माणसासमोर ही गाडी उभी राहिली की तो चिडणारच.

अशाच एका चिडलेल्या आजोबांशी पिटमध्ये गाठ पडली. म्हणाले, आमची गाडी दुकानातून दूध आणायला जायची, ती स्टॉक. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. झेडएल-१ कमॅरो १९६९ साली दूध आणायला कोण घेत होतं? कारखान्यानं शर्यतीसाठी मोजक्या गाड्या काढायच्या, ताकद दाबून लिहायची आणि नियमात बसवायच्या, ही रीत या आजोबांच्याच पिढीच्या गाड्यांनी पाडली. नव्या गाड्यांनी ती पोटात न ठेवता उघड ओठावर आणली एवढाच फरक.

एनएचआरएकडे यावर दोन उपाय आहेत. एक, हॉर्सपॉवरचा आकडा स्थिर ठेवायचाच नाही. प्रत्येक वर्गाला एक वेळ ठरवून दिलेली असते, इंडेक्स म्हणतात. त्याच्यापेक्षा फार खाली, म्हणजे फार वेगात, एखादं मॉडेल पळू लागलं की त्याची मानलेली हॉर्सपॉवर आपोआप वाढते. दुसरा उपाय, या नव्या कारखानी गाड्यांना 'एफएस' (फॅक्टरी स्टॉक) अक्षरांचे स्वतंत्र वर्ग देणं, म्हणजे वर्गवार लढतीत म्हातारी आणि तरणी समोरासमोर येत नाहीत. हे मला रास्त वाटतं.

आता बसायचं कुठं ते सांगतो. नवखा असाल तर पहिला तास स्टार्टपाशी बसा. पाण्यात चाकं फिरवून धूर काढणं, मग दिव्यांचा खांब, ज्याला सगळे 'ट्री' म्हणतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं उतरतात आणि हिरवा. आधी निघालात तर लाल दिवा, खेळ खलास. मागं फक्त ९ इंच रुंद टायर असूनही गाड्या पुढची चाकं हवेत उचलतात. अण्णा तिथं उभेच राहिले.

तिथंच त्यांना पहिला धक्का बसला. एका बाजूला हिरवा लागला, स्टेशन वॅगन निघालीही, आणि कमॅरो जागेवर थांबलेली. "ह्ये झोपलं का?" झोपलं नव्हतं. मुख्य फेऱ्यांत प्रत्येकजण आपली अपेक्षित वेळ काचेवर लिहितो, ती डायल-इन. एकाची १२.१०, दुसऱ्याची ९.६० असेल तर हळू गाडीला अडीच सेकंद आधी सोडतात. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा वेगात गेलात तर हरलात, याला ब्रेकआउट म्हणतात. मात्र एकाच वर्गाच्या दोन गाड्या समोर आल्या की सवलत बंद, ब्रेकआउट बंद, दोघं एकाच वेळी सुटणार. वर्गवार लढतींतही हेच.

दुसरा तास मात्र शेवटच्या टोकाला बसा, हा माझा सगळ्यात मोलाचा सल्ला. पाव मैलाच्या रेषेआधी ब्रेकचे दिवे लागताना दिसतील, गाडीचं नाक खाली जाईल. काहींनी ब्रेकआउट टाळायला दाबलेला असतो, काहींनी ताकद झाकायला, कारण जास्त वेगात गेलात तर मानलेली हॉर्सपॉवर वाढेल. राखून पळवणं म्हणतो ना आपण, तेच. आणि मग तोच गडी आपल्याच वर्गाच्या गाडीसमोर आला की सगळं पोतडीतून बाहेर काढावं लागतं. अण्णा म्हणाले, "आता खरा बैल दिसंल." दिसला.

माझ्या हातून एक चूक झाली. एफएसच्या एका वर्गाची अंतिम लढत लागणार म्हणताना मी लिंबूपाणी आणायला गेलो. दहा सेकंदांत ती संपली. अण्णांनी पाहिली, मी नाही, आणि त्यांनी ती मला घरी येईपर्यंत तीनदा सांगितली. खाण्यापिण्याचं काय ते लढतींच्या मधल्या वेळात उरकून घ्या, आणि शाकाहारी असाल तर पोळीच्या गुंडाळ्या घरून आणा. गाडीच्या डिकीत बसून खाल्लेल्या बऱ्या.

जिंकलेल्या गाडीचं लगेच कौतुक होत नाही. ती वजनकाट्यावर जाते, चालकासकट. वर्गविजेत्यांची इंजिनं उघडतात. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टची उचल कारखान्याइतकीच आहे का, ज्वलनकक्षाचं आकारमान बरोबर आहे का, सगळं मोजतात. आम्ही ते लांबूनच पाहिलं. सत्तरीचा एक माणूस स्वतःच्याच इंजिनाचं हेड उचलून तपासनिसासमोर ठेवत होता, घाम पुसत, एक शब्द न बोलता. अण्णांना तिथून हलवायला मला तीनदा हाक मारावी लागली.

फॅक्टरी स्टॉक शोडाउन हा त्याच नव्या गाड्यांचा वेगळा, मोठा खेळ. इंडेक्स नाही, सवलत नाही, दोघं एकदम सुटतात आणि सात-आठ सेकंदांत पाव मैल संपतो. २०१८ मध्ये लीआ प्रिचेटनं ड्रॅग पॅकवर त्याचं विजेतेपद मिळवलं. दिसायला देखणा आहे, पण आमच्या बाकावर तो बघताना गप्पा थांबल्या. डोकं लावायला काही उरत नाही.

कमॅरो आणि चॅलेंजर दोन्ही आता बनायच्या थांबल्यात. म्हणजे आज पिटमध्ये 'नवी' म्हणून शिव्या खाणारी गाडी उद्या कुणाच्या तरी नातवाची जुनी गाडी होणार.

थोडं सामानाबद्दल. कानात घालायचे बोळे प्रत्येकासाठी, लहान मुलांना मोठे कानझाकणे. मधेच नायट्रोवाले आले तर छातीत धडधडतं. टोपी आणि सनस्क्रीन, कारण सप्टेंबरची सुरुवात असूनही ऊन भाजतं आणि सावली कमी. पाऊस पडला की पट्टी वाळवायला तास-तास लागतात, घाईनं निघून जाऊ नका. हॉटेल ब्राउन्सबर्गमध्ये शोधत बसू नका, शहराच्या दक्षिणेला बघा. आणि संध्याकाळी शेवटच्या नायट्रो फेरीनंतर सगळे एकदम गवतातल्या पार्किंगकडे धावतात, तेव्हा तुम्ही पिटमध्ये परत जा. अर्धा तास फिरा. आम्ही तेच केलं, आणि तो चिडलेला आजोबा अण्णांना आपल्या शेव्हेलच्या सीटवर बसवून कार्ब्युरेटर दाखवत होता, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसताना.