तुम्ही विचारलंत म्हणून: खरं सांगा, आदळणार आहे का?

व्याख्यान दादरच्या वाचनालयात असो, मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघात असो की गोवंडीतल्या महापालिका शाळेत, प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, खरं सांगा, लघुग्रह पृथ्वीवर आदळणार आहे का?" माझी उमेदीची वर्षं लघुग्रहांवर काम करण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो. त्यात भीती असतेच, पण संशय जास्त असतो. शास्त्रज्ञांना सगळं कळलेलं आहे आणि ते लपवताहेत, असा. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. आपल्याला माहीत असलेल्या, १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी एकही पुढच्या शंभर वर्षांत पृथ्वीवर आदळेल अशी लक्षणीय शक्यता दिसत नाही. यातला 'माहीत असलेल्या' हा भाग मी कधीच गाळत नाही. एक किलोमीटरहून मोठे, म्हणजे सगळ्या पृथ्वीला हादरा देतील असे पृथ्वीजवळचे लघुग्रह ९५ टक्क्यांहून अधिक सापडले आहेत. १४० मीटर आणि त्याहून मोठे मात्र अंदाजे २५ हजार असावेत आणि त्यांतले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. न सापडलेल्यांची हमी कुणी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता २०२५ चा फेब्रुवारी आठवा. त्या महिन्यात माझा फोन शांत म्हणून नव्हता. चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने २७ डिसेंबर २०२४ रोजी एक लघुग्रह शोधला होता, २०२४ वायआर४. साधारण ६० मीटरचा. २२ डिसेंबर २०३२ या दिवशी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. या आकाराच्या लघुग्रहासाठी एवढा मोठा आकडा त्याआधी कधी निघाला नव्हता. आदळलाच तर कुठे, याचा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्या पट्ट्यात आपली मुंबई होती. मग काय, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नकाशे फिरायला लागले. शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "अगं, आकडा रोज वाढतोय. म्हणजे तो आपल्याकडेच वळतोय ना?"

काकूंचा प्रश्न अगदी नेमका होता. आकडा का वाढत होता, हे कळलं की बाकीचं सगळं कळतं.

रविवारी शिवाजी पार्कावर गेलात तर एकमेकांना खेटून कितीतरी सामने चालू असतात. शेजारच्या सामन्यातल्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला आणि "बॉल, बॉल!" अशी आरोळी आली, असं समजा. चेंडू बॅटवरून सुटताना तो कुठेही पडू शकतो, त्या मोठ्या टापूत तुम्ही एका कोपऱ्यात उभे. क्षणभर निरखल्यावर टापू लहान होतो. तुम्ही अजून त्याच्या आतच असाल तर चेंडू तुमच्याच डोक्यावर येण्याची शक्यता वाढते, कारण उरलेली जागा कमी झाली. चेंडू पहिल्यापासून आपल्याच वाटेने चाललेला असतो, बदलतो तो आपला अंदाज. आणखी क्षणभराने दिसतं, की तो तुमच्या मागे दहा हातांवर पडणार. मग शक्यता एकदम शून्यावर येते.

वायआर४ चं हेच झालं. १८ फेब्रुवारीनंतरच्या दोन दिवसांत आकडा अर्ध्या टक्क्याच्या खाली आला आणि आठवडाभरात नगण्य झाला. काहींना वाटलं, दडपणाखाली आकडे बदलले. तर तसं नाही. जगभरातल्या वेधशाळांनी घेतलेली स्थाननिरीक्षणं अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे, म्हणजे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राकडे, जातात आणि तिथून सगळ्यांना खुली होतात. नासाची एक प्रयोगशाळा, युरोपीय अवकाश संस्था आणि इटलीतला एक गट अशा तीन ठिकाणी कक्षांचं गणित स्वतंत्रपणे केलं जातं आणि उत्तरं ताडून पाहिली जातात. आकडा चढत होता तेव्हाही तो जाहीर होत होता, म्हणून तर काकूंना तो कळला. लपवायचं असतं तर चढता आकडा लपवला असता.

हे मी इतक्या जिव्हाळ्याने सांगते, कारण ते मोजमाप हेच माझं काम. मी स्वतः कक्षांपेक्षा प्रकाशावर जास्त काम केलं. लघुग्रह मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक वेळा नुसता ठिपका दिसतो. पण तो ठिपका रात्रभर मोजत राहिलं तर त्याची तेजस्विता कमीजास्त होताना सापडते. लांबट दगड फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो, कधी अरुंद. आलेखावर एका फेरीत साधारण दोन उंचवटे आणि दोन खळगे उमटतात, आणि त्यावरून तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो ते काढता येतं. मुंबईच्या उजेडात आणि पावसाळ्यात हे कसं जमतं, असंही लोक विचारतात. दुर्बीण इथे असावीच लागत नाही. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात ती ग्रोथ-इंडिया दुर्बीण लडाखमध्ये हानले इथे आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटरवर. तिचा आरसा फक्त ७० सेंटिमीटरचा, पण पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह टिपायला उत्तम.

या आलेखांतून एक गोष्ट निघाली ती मला आजही थक्क करते. साधारण २०० मीटरहून मोठे लघुग्रह २ तास १२ मिनिटांपेक्षा कमी वेळात एक फेरी पूर्ण करताना क्वचितच सापडतात. का? कारण त्यांतले बरेचसे अखंड खडक नाहीत. एकमेकांवर आदळून फुटलेले तुकडे स्वतःच्या क्षीण गुरुत्वाकर्षणाने पुन्हा गोळा झालेत, इतकंच. याहून जोरात फिरले तर विखरून जातील. ऑक्टोबर २०२० मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाचा हात नमुना घ्यायला बेन्नू या लघुग्रहाला टेकला तेव्हा तो सुमारे अर्धा मीटर आत रुतला. 

असा सैल ढीग ढकलता येतो का, हा प्रश्न मग ओघाने येतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने आपलं डार्ट यान डिमॉर्फोसवर मुद्दाम आदळवलं. डिमॉर्फोस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा, सुमारे १६० मीटरचा. त्याचा फेरीचा काळ निदान ७३ सेकंदांनी बदलावा एवढीच अपेक्षा होती. तो बदलला सुमारे ३३ मिनिटांनी. टकरीने उडालेल्या धुरळ्या-दगडांनी उलट्या दिशेने जाताना त्याला आणखी रेटा दिला. आणि हे ३३ मिनिटांचं उत्तर मिळालं कुठून? मुख्यतः पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून, त्याच तेजस्वितेच्या आलेखांवरून. ही बातमी वाचली त्या दिवशी मी किती आनंदात होते, ते घरच्यांना विचारा.

रेटा थोडा असला तरी चालतो, फक्त वेळ हाताशी हवा. वेग सेकंदाला १ सेंटिमीटरने बदलला तरी दहा वर्षांनी लघुग्रह आपल्या ठरलेल्या जागेपासून काही हजार किलोमीटर पुढे-मागे असतो. म्हणूनच सगळा जोर आधी शोधण्यावर आहे. २०१३ साली रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला २० मीटरच्या आसपासचा दगड सूर्याच्या बाजूने आला, कुणाला चाहूलही लागली नाही, आणि दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. आकाशात लख्ख उजेड दिसला तर खिडकीशी धावू नका, हे मी प्रत्येक शाळेत सांगते. हादरा मागून येतो.

शाळांचा विषय निघालाच आहे. "एवढं शिकून मुलांमध्ये वेळ का घालवता?" हेही मला ऐकवलं गेलं आहे, आणि तेही याच क्षेत्रातल्या वडीलधाऱ्यांकडून. माझ्यापुढे जयंत नारळीकरांचं उदाहरण होतं. १९७२ साली केंब्रिजहून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आलेला हा जागतिक कीर्तीचा माणूस मराठीत लिहीत राहिला, आणि सही मागणाऱ्या मुलांना सांगत राहिला की पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. मलाही लहानपणी वरळीच्या नेहरू तारांगणात कुणीतरी वेळ दिला होता, माझे प्रश्न संपेपर्यंत.

गोवंडीच्या शाळेत आम्ही हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा तपासतो. आयएएससी नावाच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमातून त्या शाळांना मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चार प्रतिमा संगणकावर एकामागून एक फिरवायच्या. तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरळ रेषेत सरकतो. एकदा एका मुलीला सरकणारा ठिपका सापडला, वर्गात एकच गलका झाला. तिने मात्र चारही प्रतिमा पुन्हा पाहिल्या, पट्टी घेऊन पडद्यावर लावली आणि म्हणाली, "नाही बाई, चौथ्यात हा रेषेच्या बाहेर जातोय. आणि तिसऱ्यात जास्तच जाड आहे." तिने स्वतःच तो खोडला. तिचं वय जेमतेम तेरा असेल. एखादा दावा पुराव्यावर कसा तोलायचा, हे तिला कळलं होतं. तिला कुणी फिरता नकाशा पाठवून घाबरवू शकेल असं मला वाटत नाही.

आणि ज्यांना 'आपल्याकडे कधी पडलाय का' असं विचारायचं असतं, त्यांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाऊन यावं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, आहे. बेसॉल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं आघातविवर जगात विरळाच. काठावर उभं राहिलं की लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला उचलले गेलेले दिसतात. त्याचं वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास मानत, पुढे खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. मी मुलांना दोन्ही आकडे सांगते आणि ते कसे काढले तेही सांगते.

आता पुढचा फोन कधी वाजणार तेही मला ठाऊक आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपले दूरदर्शनचे उपग्रह असतात त्याहूनही जवळून. २००४ च्या डिसेंबरात त्याचाही आकडा २.७ टक्क्यांवर गेला होता. मग त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आधीच घेतलेल्या प्रतिमांत तो सापडला, कक्षा पक्की झाली आणि २०२९ ची धास्ती मिटली. मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर तर निदान शंभर वर्षांचा धोका नाही असं ठरलं. तेव्हा विचारलंत तरी माझं उत्तर 'नाही' हेच असेल. तो सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्याकडे १४ एप्रिलची पहाट, सव्वातीनचा सुमार असेल. पडद्यावर दुर्बिणींच्या प्रतिमा लावून रात्रभर कार्यक्रम करायचा माझा बेत आहे. १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे शाळेचीही अडचण नाही.