खिडकीचे हँडल बदलताना

समुद्रावरचा वारा थेट पोहोचतो अशा मुंबईच्या उपनगरी इमारतींत खिडकीच्या चौकटीआधी तिचे हँडल म्हातारे होते. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या अजून उत्तम आहेत; पण हँडलांवरचा चकचकीत मुलामा फुगून त्याचे पापुद्रे निघू लागले होते, खालच्या जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरली होती आणि स्क्रूंच्या डोक्यांवरून गंजाचे तांबूस ओघळ पांढऱ्या झडपेवर उतरले होते. झडप घट्ट मिटली नाही, तर पावसाळ्यात तिरप्या सरींचे पाणी रबरी पट्टी ओलांडून आत येते. म्हणून मे महिन्यातच सगळी हँडले बदलून घेतली. हे काम घरच्या घरी नीट होते. फक्त त्यातले निम्मे काम दुकानात जाण्यापूर्वीचे आहे.

हँडल फिरत नाही म्हणजे ते बिघडले आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. या खिडक्यांत हँडलाच्या पाठीमागची चौकोनी दांडी झडपेच्या कडेत बसवलेल्या लॉकपट्टीत शिरते. हँडल पाव फेरा फिरवले की ती पट्टी वर-खाली सरकते आणि तिच्यावरचे खुंट चौकटीतल्या खाचांत अडकतात. तेव्हा आधी झडप उघडी ठेवून हँडल फिरवून पाहावे. उघड्या झडपेत ते सहज फिरत असेल आणि मिटल्यावरच अडत असेल, तर बहुधा झडप बिजागरीकडून किंचित उतरलेली असते आणि दुरुस्ती तिथे करावी लागते. उघड्या झडपेतही ते जड जात असेल, तर हँडल काढून नुसती दांडी भोकात घालावी आणि पान्याने हलकेच फिरवावी. पट्टी तरीही अडत असेल, तर दोष तिचा आहे. नवे हँडल लावून तो जाणार नाही, उलट जोर लावून लावून नवे हँडलही खिळखिळे होईल. अशा वेळी पट्टीत सिलिकॉन स्प्रे मारावा. घरात हाताशी असलेले खोबरेल तेल मात्र वापरू नये, कारण त्यावर धूळ बसते आणि थंडीत ते थिजून पट्टी अधिकच अडते.

हँडल काढणे अगदी सोपे आहे. ते उघडण्याच्या स्थितीत आडवे करावे, तळपट्टीवरचे, म्हणजे झडपेला टेकणाऱ्या हँडलाच्या बुडावरचे, झाकण अलगद उचलून बाजूला फिरवावे, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू दिसतात. त्या दोन स्क्रूंच्या केंद्रांमधले अंतर बहुतेक यूपीव्हीसी खिडक्यांत ४३ मिलिमीटर असते आणि दांडीची जाडी ७ मिलिमीटर असते. तरीही स्वतः मोजून घ्यावे. फसगत होते ती दांडीच्या लांबीत. तळपट्टीच्या पाठीपासून दांडीच्या टोकापर्यंतचे हे माप वेगवेगळ्या खिडक्यांत वेगवेगळे असते. दांडी जास्त लांब असेल, तर तळपट्टी झडपेला टेकत नाही. तेवढे टोक हॅकसॉने कापता येते. आखूड दांडीला मात्र उपाय नाही: ती लॉकपट्टीत जेमतेम अडकते, काही दिवस काम देते आणि मग कडा झिजून आतल्या आत फिरू लागते. हातात धरायचा दांडा एका बाजूला वाकलेला असेल, तर डावे-उजवेही पाहावे लागते. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जुने हँडल स्क्रूंसकट पिशवीत घालून दुकानात न्यावे आणि ते नव्याशेजारी ठेवून पाहावे. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात फिरायचे असेल, तर हे फारच उपयोगी पडते. तिथे प्रकार इतके आहेत की तोंडी वर्णन पुरत नाही.

धातू निवडताना मी रूपापेक्षा हवेचा विचार केला. मुलामा दिलेले जस्ताचे हँडल स्वस्त मिळते, पण मुलाम्याला एक ओरखडा गेला की खारी हवा तिथून आत शिरते. पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम आमच्याकडच्या हवेत अधिक टिकाऊ वाटले, म्हणून तेच घेतले. स्टेनलेस स्टील घ्यायचे असेल आणि समुद्र जवळ असेल, तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे मागावे. त्यात साधारण २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे मिठाच्या माऱ्याला ते अधिक तोंड देते. लोहचुंबक लावून या दोन प्रतींमधला फरक कळत नाही, तेव्हा विश्वासाचा दुकानदारच गाठावा. घरात वयस्क माणसे असतील, तर दांडा थोडा लांब निवडावा. आईची मनगटे दुखतात; लांब दांड्याला कमी जोर लागत असल्यामुळे ती आता कोणाला हाक न मारता खिडकी उघडते, आणि या सगळ्या खटाटोपात मला त्याचेच समाधान अधिक आहे.

बसवताना वारा पडलेला दिवस निवडावा, कारण बाहेर उघडणारी झडप हँडलाविना वाऱ्यावर सोडणे वरच्या मजल्यावर धोक्याचे असते. दोन्ही स्क्रू आधी हातानेच लावून घ्यावेत, मग आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. फार आवळले तर तळपट्टी ताणली जाते आणि हँडल जड फिरते. नव्यासोबत आलेले स्क्रू जुन्यांपेक्षा लांब असतील, तर ते लॉकपट्टीच्या यंत्रणेला टेकून तिला अडवू शकतात, म्हणून तेही शेजारी धरून मोजावेत. झडप उघडी असतानाच हँडल अनेकदा फिरवून पाहावे आणि मगच ती मिटावी; बंद झडपेत हँडल अडकले, तर ती उघडणे फार कष्टाचे होते.

गावाकडच्या सागवानी खिडक्यांचे तंत्र वेगळे आहे. तिथे पितळी मूठ आणि पितळी स्क्रूच शोभतात, पण पितळ मऊ असल्यामुळे कठीण लाकडात स्क्रूचे डोके तुटते. म्हणून आधी बारीक भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत फिरवून काढावा आणि मग साबण लावलेला पितळी स्क्रू बसवावा. जुने भोक सैल झाले असेल, तर त्यात फेव्हिकॉल लावलेल्या लाकडाच्या काड्या ठोकून, वाळल्यावर नव्याने भोक पाडावे.

लहान मुलांच्या खोलीत किल्लीचे हँडल लावले आहे. त्याची किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही, पण आग लागल्यास मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा उंचीवर, त्याच खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक आहे.